पांडा रुखवतासाठी नसतो

पहिला कानमंत्र आधीच सांगून टाकते, कारण बाकीचे सगळे त्यातूनच निघतात. रुखवतातलं विणकाम बघण्यासाठी असतं, बाळंतविड्यातलं चोखण्यासाठी.

माझ्या सासूबाईंच्या पिढीने क्रोशाची तोरणं केली, टेबलावरचे रुमाल केले, रेडिओवर आणि पुढे टीव्हीवर घालायची झाकणं केली. ती रुखवतात मांडली जायची, पाहुण्या बायका वाकून जाळी बघायच्या आणि मग सगळं कपाटात जायचं. बारीक सुई, पातळ दोरा, मोकळी जाळी हे त्या कामाचे गुण. बाळासाठी विणायच्या छोट्या पांडात हेच तिन्ही दोष ठरतात. पांडा जाड लोकरीचा हवा, घट्ट विणीचा हवा आणि त्यात एकही भोक दिसता कामा नये. तो जिन्यावरून फरफटत खाली येणार, वरणाच्या वाटीत पडणार, वॉशिंग मशीनमध्ये फिरणार. आणि ज्याच्यासाठी केला ते बाळ त्याचा कान धरून अंगातली सगळी ताकद लावणार. हे ध्यानात ठेवून टाका घातलास तर माझ्या बाकीच्या सांगण्यातलं अर्धं तुझं तुलाच सुचेल.

शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ सालचं आणि डेव्हन ॲव्हेन्यूवरचं पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४ सालचं. त्या सुमारास इकडे आलेल्या बायकांच्या सामानात पोळपाट-लाटण्याबरोबर क्रोशाची सुईही असायची. लेकी इथे वाढल्या, त्यांना तोरणं नको होती. आता नातींना सुई पुन्हा हातात धरायची आहे, पण त्यांना करायचं असतं अमिगुरुमी, म्हणजे जपानी पद्धतीचं विणलेलं, आत कापूस भरलेलं बोटभर-वीतभर खेळणं. नाव ऐकून बिचकू नकोस. तोरणाला साखळी, खांब, अर्धा खांब, गोफ असं सगळं लागायचं. पांडाला जवळजवळ एकच टाका लागतो, तो म्हणजे मुका खांब. तो जमला की उरते ती मोजदाद.

आधी पांडा नीट बघ

पांडा सगळ्यांना माहीत असतो, पण काढायला सांगितला की निम्म्या लोकांची शेपटी चुकते. शिकागोत राहणाऱ्या बाईने तरी ती चुकवू नये, कारण या गावाची पांडाशी ओळख फार जुनी आहे. रूथ हार्कनेस ही न्यूयॉर्कची, कपड्यांचे नमुने काढणारी बाई. १९३६ साली ती चीनमधून पांडाचं एक पिल्लू बाटलीने दूध पाजत अमेरिकेला घेऊन आली. अमेरिकेत जिवंत पोहोचलेला हा पहिला पांडा. त्याचं नाव सु-लिन. १९३७ मध्ये तो आपल्या इथल्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात आला आणि त्याला बघायला माणसं लोटली. १९३८ मध्ये तो गेला. तोवर सगळे त्याला मादी समजत होते, तो नर होता हे मेल्यावर कळलं. पेंढा भरलेला सु-लिन फील्ड म्युझियममध्ये आहे. त्याच्याही आधी, १९२९ साली, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या दोन मुलांनी याच संग्रहालयासाठी पांडाची शिकार केली होती. म्हणजे अमेरिकेतल्या मुलांच्या कुशीत पांडा येऊन बसला, त्याची वाट शिकागोवरूनही गेली आहे.

सुई हातात घेण्याआधी एकदा फील्ड म्युझियममध्ये जाऊन ये. डेव्हनवरून १५५ नंबरची बस लोयोला स्टेशनला नेते, तिथून रेड लाइनने रूझवेल्टला उतरायचं आणि तलावाच्या दिशेने चालत जायचं. इलिनॉयच्या रहिवाशांसाठी काही दिवस प्रवेश मोफत असतो, तो दिवस बघून जा.

तिथे पाच गोष्टी बघायच्या. कान गोल असतात आणि डोक्याच्या अगदी माथ्यावर नसून थोडे कडेला असतात. डोळ्यांभोवतीचे काळे डाग गोल नसतात, लांबट असतात आणि बाहेरच्या बाजूने खाली उतरतात. खांद्यांवरून एक काळा पट्टा जातो आणि तोच पुढच्या पायांत उतरतो, म्हणजे पुढचे पाय आणि खांदे एकच काळा भाग आहे. मागचे पाय काळे, पण पोट आणि पाठीचा मागचा भाग पांढरा. आणि शेपटी पांढरी. बाजारातल्या कितीतरी खेळण्यांना काळी शेपटी लावलेली असते, तू लावू नकोस.

लोकर आणि सुई

साडी, सोनं, मिठाई, मसाले यांसाठी डेव्हन आहे. लोकरीसाठी मात्र क्राफ्टचं मोठं दुकान गाठावं लागतं. जोअॅनची दुकानं २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता मायकल्स किंवा ऑनलाइन. गुंड्याच्या कागदावर एका छोट्या गुंड्याच्या चित्रात आकडा छापलेला असतो. ४ हा आकडा शोध. ही मध्यम जाडीची लोकर, हाताला बरी आणि टाके स्पष्ट दाखवणारी. शिकण्यासाठी साधी ॲक्रिलिक घे. रेड हार्टचा सुपर सेव्हर नावाचा साधा गुंडा ७ औंसांचा आणि ३६४ यार्डांचा असतो. पांढरा एक आणि काळा एक आणलास तर एक पांडा करूनही भरपूर लोकर उरेल, भावंडांसाठी आणखी करता येतील.

गुंड्याच्या कागदावर सुईचं माप सुचवलेलं असतं, बहुतेक वेळा पाच मिलिमीटर किंवा त्याहून जाड. ते माप शालीसाठी असतं. खेळण्यासाठी साडेतीन मिलिमीटरची सुई घे. अमेरिकेत तिच्यावर ई हे अक्षर असतं. हाताला थोडं जड जाईल, पण वीण घट्ट बसेल आणि आतला पांढरा कापूस डोकावणार नाही. विणून झालेला तुकडा दोन्ही बाजूंनी ताणून खिडकीसमोर धर. टाक्यांमधून उजेड आरपार दिसला तर आणखी बारीक सुई घे.

केसाळ आणि मखमली लोकर दुकानात फार गोड दिसते. ती बाळाच्या खेळण्याला नको. तिचे तंतू सुटतात, ते बाळाच्या तोंडात जातात आणि टाके मोजता येत नाहीत ते वेगळंच. खरी मेंढीची लोकर मशीनमध्ये आकसते. सुती दोरा बाळाला चांगला, पण काळ्या सुताचा रंग जाईल का ते आधी बघायचं. त्याचा एक तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या कागदी रुमालात दाबून ठेव. कागदावर करडा डाग उतरला तर तो दोरा पांढऱ्याच्या शेजारी बसवू नकोस.

नमुना पुस्तकातून घेणार असशील तर पुस्तक कुठल्या देशात छापलं आहे ते पहिल्या पानावर बघून घे. आपल्या मुक्या खांबाला अमेरिकन पुस्तक सिंगल क्रोशे म्हणतं आणि ब्रिटिश पुस्तक डबल क्रोशे. भारतातून आलेली जुनी पुस्तकं बहुधा ब्रिटिश रीतीची असतात. हे न बघता विणलं तर पांडा दुप्पट उंच होतो आणि जाळीचा होतो.

हळद, उजेड आणि काळा रंग

पांढरं काम स्वयंपाकाच्या आधी करायचं. फोडणी देऊन, हात धुऊन बसलं तरी नखांच्या कडेला हळद राहते आणि ती पहिल्यांदा कुठे लागेल तर पांडाच्या गालाला. लागलीच तर घाबरू नकोस. साबण लावल्यावर डाग लालसर होईल, तो हळदीचा स्वभाव आहे. साबण धुऊन टाक आणि तुकडा उन्हात ठेव. हळदीचा रंग उन्हात उडतो.

काळं काम मात्र दिवसा उजेडीच करायचं. काळ्या लोकरीत टाका कुठे आहे हे चष्मा लावूनही दिसत नाही. डिसेंबरात शिकागोत साडेचारच्या आतच सूर्य मावळतो, म्हणून हिवाळ्यात काळे पाय-कान सकाळी आणि पांढरं डोकं रात्री दिव्याखाली, अशी वाटणी ठेव. काळं विणताना मांडीवर पांढरा टॉवेल पसर. खालून पांढरं दिसलं की टाक्यांची भोकं नजरेला सापडतात. तरीही दिसत नसेल तर बोटाच्या टोकाने चाचपून टाका शोध, हाताला थोड्याच दिवसांत सवय होते.

सहाचा पाढा

या सगळ्या कामाचं गणित सहाच्या पाढ्यात आहे. सहा, बारा, अठरा, चोवीस, तीस, छत्तीस. मुक्या खांबाने सपाट गोल करायचा तर प्रत्येक फेरीत सहा टाके वाढवायचे. सहापेक्षा कमी वाढवले तर कडा वर उचलतात आणि वाटी होते. जास्त वाढवले तर कडेला झालर येते. वाढवणं थांबवलं की भिंत सरळ वर चढते. सहा-सहा कमी करत गेलं की तोंड मिटत येतं. डोकं, अंग, कान, पाय यांचं सगळं यातच आलं.

सुरुवात साखळीच्या गोलाने करू नकोस. त्याच्या मध्यात भोक राहतं आणि पुढे तिथून कापूस बाहेर येतो. बोटाभोवती लोकरीचा सैल वेढा घे, त्यात सहा मुके खांब घाल आणि मोकळं टोक ओढ. वेढा आवळतो आणि भोक बंद होतं. इकडे याला मॅजिक रिंग म्हणतात. ते टोक आतल्या बाजूला दोन-तीन टाक्यांतून परत फिरवून गाठ मार, नाहीतर धुण्यात सुटेल.

फेरी संपली म्हणून जोडायचं नाही, गोल-गोल तसंच पुढे जायचं. मग फेरी कुठे सुरू झाली ते कळावं म्हणून पहिल्या टाक्यात खूण अडकवायची. दुकानात प्लॅस्टिकच्या खुणा मिळतात. आपल्या बांगडीला लटकलेली सेफ्टी पिन तेच काम करते. फक्त काम संपल्यावर ती पुन्हा बांगडीत आली का ते बघायचं. कापूस भरण्याआधी सुया आणि पिना मोजायच्या, हा नियम कधी मोडायचा नाही.

टाका वाढवायचा म्हणजे एकाच टाक्यात दोन मुके खांब घालायचे. कमी करायचा तेव्हा दोन टाक्यांचे फक्त पुढचे धागे सुईवर घेऊन त्यांचा एक टाका करायचा. पूर्ण टाके घेतलेस तर तिथे गुठळी आणि भोक दोन्ही दिसतं. पुढचे धागे घेतलेस तर कमी केलेली जागा शोधूनही सापडत नाही. वाढवलेले टाके प्रत्येक फेरीत बरोबर एकावर एक आले तर गोलाला सहा कोपरे येतात, म्हणून एक फेरी सोडून वाढवण्याची जागा दोन-तीन टाके पुढे सरकव.

आणखी एक बारकावा. लोकर सुईवरून फिरवून घेण्याऐवजी सुईनेच ती खालून पकडून ओढ. टाका फुलीच्या आकाराचा येतो आणि जास्त घट्ट बसतो. आणि सुलट बाजू बाहेर आहे ना, हे तिसऱ्या-चौथ्या फेरीला बघ. बाहेरून पाहताना टाके फुलीसारखे किंवा इंग्रजी व्ही अक्षरासारखे टोकदार दिसायला हवेत. आडव्या रेघा दिसत असतील तर वाटी उलटी झाली आहे, आताच पालटून घे.

पांडाचं माप

हे माप चार नंबरच्या लोकरीचं आणि साडेतीनच्या सुईचं. पांडा साधारण पाच इंचांचा होईल, हात सैल असला तर थोडा मोठा.

डोकं पांढऱ्या लोकरीने माथ्यापासून सुरू कर. सहा टाके, मग बारा, अठरा, चोवीस, तीस, छत्तीस. सहा फेऱ्या झाल्या. पुढच्या सहा फेऱ्या छत्तीसच ठेव. मग तीस, चोवीस, अठरा. अठरावर थांब आणि तोंड उघडं ठेव.

अंग बुडापासून पांढऱ्याने. सहा, बारा, अठरा, चोवीस, तीस, आणि मग तीसच्या चार फेऱ्या. इथे रंग बदलायचा. पांढऱ्याच्या शेवटच्या टाक्याचा शेवटचा ओढा काळ्या लोकरीने घे, म्हणजे पुढचा टाका पूर्ण काळा येतो. काळ्याने तीसच्या दोन फेऱ्या, चोवीसच्या दोन, आणि शेवटी अठरा. रंग जिथे बदलतो तिथे एक पायरी दिसतेच, गोल विणकामात ती टळत नाही. ती पाठीकडे जाईल असं बघ. डोक्यालाही अठरा, मानेलाही अठरा, म्हणजे शिवताना टाक्याला टाका जुळतो.

कान काळे, दोन. सहा, बारा, आणि पुन्हा बारा. भरायचे नाहीत, चपटे करून ठेवायचे.

हात काळे, दोन. सहा टाके, मग एक सोडून एकात वाढवत नऊ, आणि नऊच्याच सात फेऱ्या. कापूस फक्त पंजात, वरचा भाग रिकामा. रिकामा असला की हात खाली नीट पडतो आणि बाळाला धरायला सोपा जातो.

पाय काळे, दोन. सहा, बारा, बाराच्याच दोन फेऱ्या. मग दोन टाके साधे आणि पुढचे दोन मिळून एक, असं करत नऊ, आणि नऊच्याच दोन फेऱ्या.

शेपटी पांढरी. सहा, नऊ, नऊ. एवढंसं बोंडुक पुरे.

डोळ्यांचे डाग काळे, दोन. चार साखळ्या घाल. सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत एक मुका खांब, पुढच्या साखळीत एक, शेवटच्या साखळीत तीन. मग साखळीच्या दुसऱ्या बाजूने परत येताना एक, आणि शेवटी एकाच जागी दोन. आठ टाक्यांचा लांबट डाग तयार होतो.

प्रत्येक तुकड्याला शिवण्यासाठी भरपूर लोकर सोडून मगच काप. ती आखूड झाली की नवीन लोकर जोडावी लागते, आणि जिथे जोड तिथे कमजोरी.

भरण

आपल्याकडे बाहुल्या चिंध्यांनी आणि सरकीच्या कापसाने भरल्या जायच्या. त्या धुवायच्या नसत. हा पांडा धुवायचा आहे, म्हणून पॉलिएस्टरचा कापूस घे. साधा कापूस ओला झाला की त्याच्या गुठळ्या होतात, आत ओल राहते आणि वास येतो. खेळणं नीट बसावं म्हणून काही जणी बुडाशी तांदूळ किंवा मूग भरतात. पटेलांच्या दुकानातून दहा पौंडांची पिशवी घरात आलेली असली की मोह होतोच. पण धान्य ओलं झालं की बुरसतं, त्याला कीड लागते, आणि वीण फाटलीच तर दाणा बाळाच्या घशात जातो. पांडा नीट बसायला हवा असेल तर बुडाची गोलाई थोडी दाबून चपटी कर, तो बसतो.

भरताना मोठा गोळा एकदम कोंबू नकोस. चिमूटभर कापूस पिंजून घे आणि आधी कडेला लाव, मग मध्ये. पुरण पोळीच्या काठापर्यंत गेलं पाहिजे, तसा कापूस विणीच्या कडेपर्यंत गेला पाहिजे. मान सगळ्यात घट्ट भर. मान सैल राहिली तर दोन आठवड्यांत डोकं एका बाजूला लोळायला लागतं.

काळ्या भागातून पांढरा कापूस दिसत असेल तर जुन्या काळ्या पायमोज्याचा किंवा लेगिंग्जचा तुकडा आत अस्तर म्हणून घाल आणि मग भर.

डोळे

इथे नवशिक्या मुलीचं आणि माझं नेहमी वाजतं. तिला चमकणारे प्लॅस्टिकचे डोळे हवे असतात, मागे चकती दाबून बसवायचे. दिसायला ते सुंदर, आणि चकती एकदा बसली की सहज निघत नाहीत हेही खरं. पण वीण सैल असेल तर डोळा चकतीसकट टाक्यातून बाहेर येतो. अमेरिकेचा नियम असा आहे की तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात सुटे होतील असे बारीक भाग चालत नाहीत. हे तपासायला सव्वा इंच व्यासाची एक नळी असते. त्यात जो भाग मावतो, तो त्या वयाच्या मुलाला धोक्याचा. आपला आठ मिलिमीटरचा डोळा त्यात सहज मावतो.

तेव्हा तीन वर्षांखालच्या बाळासाठी डोळे दोऱ्याने भरायचे. पांढऱ्या लोकरीचा एक ठिपका काळ्या डागावर काढलास की डोळा जिवंत होतो. मणी नको, टिकल्या नको, बटण नको. मोठ्या मुलासाठी प्लॅस्टिकचे डोळे लावायचे असतील तर ते डाग आणि डोकं या दोन्हींतून एकदम घाल, आणि डोक्यात कापूस भरण्याआधी चकती दाब. भरल्यावर आत हात जात नाही.

डोळ्यांची जागा माथ्यापासून नवव्या-दहाव्या फेरीच्या मध्ये, आणि दोन्हींत सात-आठ टाक्यांचं अंतर. डोळे खाली आणि लांब असले की चेहरा पिल्लाचा दिसतो. वर आणि जवळ आणलेस तर तोच पांडा रागीट होतो. आधी टाचण्या लावून डाग ठेव, हातभर लांब धरून बघ, घरातल्या दुसऱ्या कुणाला विचार आणि मगच शिव. डागाचं एक टोक आत आणि वर, दुसरं बाहेर आणि खाली. सु-लिनला बघून आलेली असशील तर हे तुला सांगावं लागणार नाही.

नाक दोन्ही डाग संपतात त्या रेषेवर, मधोमध. काळ्या दोऱ्याने पाच-सहा आडवे टाके आणि खाली एक उभी रेघ. तोंड काढलं नाही तरी चालतं.

जोडणी

कान, हात, पाय, शेपटी हे सगळे भाग आधी टाचण्यांनी लावून पांडा बसवून बघ. हात मानेच्या लगेच खाली, काळ्या पट्ट्यावरच हवेत. पांढऱ्यावर लावलेस तर खांदा तुटल्यासारखा दिसतो.

शिवताना वरवरचे धागे पकडू नकोस, अंगाचा पूर्ण टाका सुईवर घे. प्रत्येक भागाभोवती एक फेरी शिवून झाली की त्याच वाटेने दुसरी फेरी कर. मान दोनदा शिव, त्यात कसर नको. डोकं शिवताना शेवटची चार-पाच टाक्यांची जागा उरली की तिथून मानेत आणखी कापूस कोंब.

गाठ मारून झाल्यावर उरलेली लोकर गाठीपाशी कापायची नाही. ती सुईने अंगात घालून दुसऱ्या टोकाला काढायची, थोडी ताणायची आणि मग कापायची. टोक आपसूक आत जातं आणि बाळाच्या नखाला काही लागत नाही.

आता परीक्षा. प्रत्येक कान, प्रत्येक हात, शेपटी एका हाताने धर आणि दुसऱ्या हाताने अंग धरून जोरात ओढ. हात राखून ओढू नकोस. शिवण चर्रकन वाजली किंवा टाक्यांमध्ये फट पडली तर तो भाग काढून पुन्हा शिव. मोजलेल्या टाचण्या डबीत परत आल्या का तेही बघ.

धुणं आणि देणं

देण्याआधी पांडा एकदा धू. उशीच्या अभ्र्यात घाल, अभ्र्याचं तोंड बांध, गार पाण्यात मशीन हलक्यावर लाव. पाणी काढून झाल्यावर टॉवेलमध्ये दाबून वाळव. ॲक्रिलिकला इस्त्री किंवा गरम वाफ लावू नकोस, ती लोकर वितळल्यासारखी मऊ पडते आणि पुन्हा ताठ होत नाही. या पहिल्या धुण्यातच तुझं काम कसं झालंय ते कळतं.

बारशाला पांडा देणार असशील तर आईला एक गोष्ट स्पष्ट सांग. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पाळण्यात किंवा क्रिबमध्ये झोपताना कुठलंही मऊ खेळणं ठेवायचं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा हाच सल्ला आहे. मऊ वस्तूने बाळाचं नाक दबण्याचा धोका असतो. खेळणं जागेपणी आणि मोठ्या माणसाच्या नजरेसमोर. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाला ठळक काळं-पांढरं लवकर दिसतं, म्हणून पांडा त्याच्यापासून वीतभर अंतरावर धरला की ते टक लावून बघतं.

पुढे हात बसला आणि कुणी म्हणालं की विकायला ठेव, तर लगेच हो म्हणू नकोस. मुलांच्या खेळण्यांसाठी २००८ च्या कायद्याने तपासणी आणि प्रमाणपत्राचे नियम आहेत आणि ते घरी विणलेल्या खेळण्यालाही लागू होतात. थोडा माल करणाऱ्यांसाठी त्यात काही सवलती आहेत, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते. नात्यातल्या बाळाला भेट देणं वेगळं, स्टॉल लावणं वेगळं.

विणताना दर अर्ध्या तासाने सुई खाली ठेव आणि बोटं उघड-मीट कर. घट्ट विणीने अंगठ्याचा सांधा दुखतो, विशेषतः थंडीत. सुईच्या दांड्याला जुन्या मोज्याची पट्टी गुंडाळून जाड केलीस तर पकड सैल ठेवता येते. भारतात जाताना विमानात विणायची हौस असेल तर अमेरिकेतून निघताना क्रोशाची सुई हातातल्या सामानात चालते. परतीच्या प्रवासात मात्र ती चेक-इन बॅगेतच टाक, रांगेत वाद घालायची वेळ येत नाही.

पहिला पांडा थोडा तिरका होईल, होऊ दे. डोळे एका रेषेत नसले तर चालतं, मान सैल असली तर चालत नाही. देखणेपणात सूट घे, मजबुतीत घेऊ नकोस. बायका हातात घेऊन वा वा म्हणतील, त्यावर जाऊ नकोस. वर्षभर ओढून, चोखून, धुऊन ज्याचा कान जागचा हलला नाही, तोच पांडा तुला जमला असं समज.